एकाचं ‘नाही’

१२ फेब्रुवारी

बुवा,

तुझं हेल्मेट माझ्याकडे राहिलं. सगळ्यांच्या पिशव्या माझ्या गाडीजवळ ओळीने लावून ठेवल्यास आणि स्वतःचं हेल्मेट मात्र टपावर विसरून गेलास. डोकं गरम झालं की माणसाला डोक्यावरचंही भान राहत नाही, दुसरं काय.

पत्र लिहितोय कारण तू फोन उचलत नाहीस. माझा नाही, मास्तरचा नाही, डॉक्टरीणबाईंचाही नाही. जनावरांच्या डॉक्टरचा फोन माणूस टाळतो हे मी एक वेळ समजू शकतो, पण मास्तर बिचारा दिवसभर तलावात पोरांना हातपाय मारायला शिकवतो, त्याने तुझं काय घोडं मारलंय?

आता सरळ बोलतो. मला राग आलाय आणि तो पोटात ठेवायची मला सवय नाही. नियम मला मान्य आहे. वर डोंगराच्या उतारावर ग्लायडर पसरून उभं राहिल्यावर आपल्या चौघांपैकी कुणीही एक जण ‘नाही’ म्हणाला, की त्या दिवशी कुणीच उडायचं नाही. कारण विचारायचं नाही, थट्टा करायची नाही, मुकाट्याने जीपमध्ये बसून खाली यायचं आणि चहा प्यायचा. हा नियम तूच घातलास आणि मीही तो इतकी वर्षं पाळला. पण नियम वाऱ्यासाठी आहे, बुवा. काल वारा कसा होता ते तूही पाहिलंस. उतारावरचं गवत सगळं एकाच अंगाला, एका लयीत वाकत होतं. वारा दाखवणारा काठीवरचा कापडी मोजा फडफडतसुद्धा नव्हता, नुसता भरून तरंगत होता. आणि अशा दिवशी, मी लेकीला पहिल्यांदा वर न्यायला उभा असताना, तू गुडघ्यावर बसून तिच्या मांड्यांचे पट्टे आवळलेस, उठलास, हात झटकलेस आणि म्हणालास, “नाही.”

मी ‘का’ विचारलं. हो, विचारलं. जोडीने उडायचा परवाना मी कशासाठी काढला ते तुला ठाऊक होतं. ती शाळेत होती तेव्हापासून मी तिला सांगत आलोय, की एक दिवस तुला वरून आपलं घर दाखवीन. त्यासाठी वर्षभर मास्तरला पुढे बांधून सराव केला, आणि मास्तरचं वजन तू जाणतोस. ते सगळं एका शब्दात गुंडाळून ठेवायला निघालास, आणि वर कारणही सांगेनास. माझ्याकडे बघितलंही नाहीस. तिच्याकडेच बघत उभा राहिलास.

मग मी बोललो ते बोललो. “तुझी छाती गेली, बुवा. तू आपली लिफ्टच दुरुस्त करत बस, तिथे वरखाली करायला दोर असतो.” मास्तर हसला, डॉक्टरीणबाईही हसल्या. तूही हसून सोडून द्यायचंस. आणि तुझं हे काही आजचं नाही. माझा खांदा मोडला त्याच्या पुढच्या वर्षी असाच सोन्यासारखा दिवस होता, मी पट्टे बांधून तयार होतो, आणि तू म्हणालास ‘नाही’. तेव्हा मी निमूट खाली आलो. नंतर ‘बुवा फुलपाखराला घाबरला’ हा किस्सा मी जागोजागी सांगितला हे नियमात बसत नाही, कबूल, पण किस्सा चांगला आहे.

तू तडक निघून गेलास आणि आम्ही उडालो. शेवटी काय झालं? काही झालं नाही. आम्ही बराच वेळ वर होतो, एकदाही धक्का बसला नाही. लेक, म्हणजे तुझी ‘मॅडम’, माझ्यापुढे बसली होती, तिने चूं केलं नाही, इतकी रमली होती. खाली कापलेल्या शेतात अलगद उतरलो. तू असतास तर तुलाच बरं वाटलं असतं.

ये आणि हेल्मेट घेऊन जा. रागावलेलो असलो तरी चहा पाजीन.

भिंग


३ एप्रिल

बुवा,

बदली मागून घेतलीस म्हणे. नवा पत्ता मास्तरकडून मिळाला, तोही त्याच्या मागे हात धुऊन लागल्यावर. इतक्या वर्षांचा शेजारी गाव सोडून जातो आणि मला ते तलावावर कळतं, ही तऱ्हा.

तुझ्या जागी जो आलाय त्याने परवा आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त केली. दोन मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकल्या होत्या. हा गडी बाहेर उभा राहून मुकाट्याने काम करत होता आणि त्या आत रडत होत्या. तू असतास तर दाराच्या फटीला तोंड लावून गप्पा मारत बसला असतास, मुलं काय करतात, आज काय शिजवलंय. मला नेहमी वाटायचं की तू उगाच वेळ काढतोस. काम त्याने तुझ्यापेक्षा लवकर उरकलं, पण त्या बाई तेव्हापासून जिन्यानेच जातात.

आमचा त्या दिवशीचा फोटो मोठा करून दुकानात लावलाय, चष्म्यांच्या फ्रेमच्या कपाटाशेजारी. मागे मी दात काढून हसतोय, पुढे मॅडम बसल्यात, त्यांच्या चष्म्यावर ऊन चमकतंय. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो. पुन्हा एकदा जाऊया म्हटलं तर तिची परीक्षा निघाली. परीक्षा संपली तर तिचं डोकं दुखायला लागलं. अभ्यासाने होतं असं.

रुसवा कळला मला. पण तो किती ताणायचा याला काही सुमार? हेल्मेट काउंटरखाली ठेवलंय. ते पायात येतं आणि दरवेळी मी तुझ्या नावाने बोटं मोडतो.

भिंग


२० मे

बुवा,

काल तिघे जाऊन आलो. वारा बरा नव्हता. येत होता, मध्येच पडत होता, पुन्हा बाजूने येत होता. आम्ही उतारावर उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होतो. डॉक्टरीणबाई छातीवरची कडी उघडत होत्या, लावत होत्या. मी म्हटलं, चला. सगळे निघालो.

उतरताना मास्तर आपटला. पाय मुरगळलाय, मोडला नाही. तलावाच्या काठावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवतो आता.

परत येताना गाडीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आज मला ‘नाही’ म्हणायचं होतं.”

“मग म्हणायचं होतंत.”

“आणि तुम्ही ‘का’ विचारलं असतंत तर? मला सांगता आलं नसतं. नुसतं नको वाटत होतं.”

“मी तुम्हाला कशाला विचारीन?”

“बुवांना विचारलंत की,” त्या म्हणाल्या. त्यांनी ग्लायडर माळ्यावर टाकलंय असं मास्तर म्हणतो.

याचं खापर मी तुझ्याच माथ्यावर फोडणार आहे. तू असतास तर तू म्हणाला असतास, आणि आम्ही तिघे तुला नावं ठेवत सुखरूप खाली आलो असतो.

भिंग


९ जुलै

बुवा,

आज थट्टा नाही. जे कळलं ते कळलं तसं लिहितो, कारण थांबलो तर मी त्याला रंग देईन.

लेकीचं डोकं दुखायचं थांबेना. शेवटी तुझी वहिनी मला न सांगता तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चष्मेवाल्याची मुलगी दुसऱ्याकडे डोळे दाखवते, माझं नाक कापलंत, असं मी जेवताना बोलूनही गेलो. वहिनी म्हणाली, “तिचा नंबर चुकलाय. तुम्ही दिलेला.” मी ताट तसंच ठेवलं आणि लेकीला दुकानात घेऊन गेलो. पुन्हा तपासलं. चुकला होता, आणि थोडाथोडका नाही. जानेवारीत घातलेल्या त्या काचा ती तेव्हापासून वापरत होती.

माझा नंबर चुकत नाही हे तू जाणतोस. मी तिला म्हटलं, “प्रत्येक काच बदलल्यावर मी तुला विचारलं होतं. तू प्रत्येक वेळी हो म्हणालीस.”

“तुम्ही ‘आता बरोबर ना?’ असं विचारता, बाबा. बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं. त्यावर हो सोडून काय म्हणायचं?”

“दिसत नसेल तर नाही म्हणायचं.”

तिने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. असं पुसू नये म्हणून मी तिला लहानपणापासून ओरडतो, पण काल मी तिला पुसू दिलं. ती म्हणाली, “तुम्हाला नाही म्हणता येत नाही. डोंगरावर काकांनी म्हणून बघितलं. त्यांचं काय झालं?”

मग तिने सगळं सांगितलं. तुला ते ठाऊकच आहे, तरी मला लिहू दे. तिला कधीच उडायचं नव्हतं. वर जाताना ती जीपचा दांडा घट्ट धरून बसली होती आणि मी तिला घर कुठे दिसेल ते बोटाने दाखवत होतो. तू पट्टे आवळायला वाकलास तेव्हा ती तुझ्या कानाशी म्हणाली, “काका, मला नको आहे.” आणि तू मान वर न करता म्हणालास, “काळजी करू नका, मॅडम. मी नाही म्हणतो. आता कुणी काही विचारणार नाही.”

आणि मी विचारलं.

मी तोंडाला येईल ते बोलत होतो तेव्हा तू तिच्याकडे का बघत होतास ते मला आता कळलं. ती म्हणते, “मी नुसती मान हलवली असती तर काका बोलले असते. पण सगळे हसत होते, मी खाली बघितलं.” तू गेलास ते आपल्यामुळे, असं ती फेब्रुवारीपासून मनात धरून बसलीय. मी सांगितलं की तसं नाही. तिने हो म्हटलं. तिच्या ‘हो’वर आता माझा विश्वास बसत नाही.

जोडीने उडताना पुढच्याचा चेहरा मागच्याला दिसत नाही. मला नुसतं तिचं हेल्मेट दिसत होतं. पाय जमिनीवरून उचलल्यापासून शेतात टेकेपर्यंत तिने डोळे घट्ट मिटलेले होते, बुवा. मी वरून घर दाखवलं आणि विचारलं, “दिसलं?” ती म्हणाली, “हो.”

मला माझी लाज वाटते. फोटो काढून ठेवलाय. भिंतीवर त्याचा चौकोन राहिलाय, तिथे कॅलेंडर लावीन.

भिंग


१४ ऑगस्ट

बुवा,

तू उत्तर दिलं नाहीस. द्यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. तरी लिहितोय, कारण आणखी एक गोष्ट निघाली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मास्तर चष्म्याची काडी बसवायला दुकानात आला होता. त्याला मी सगळं सांगितलं. तलावाच्या या काठावरून त्या काठावर ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, पण हातातली काडी नुसती फिरवत बसला. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “या खेपेला बुवाचं बरोबर होतं. पण त्या खांद्याच्या वेळी मात्र तो खरंच घाबरला होता बघ, फुलपाखरू आडवं गेलं आणि...” आणि माझी जीभ तिथेच अडली.

कारण मला ती सकाळ आठवली. किस्सा नव्हे, सकाळ. खांदा जुळून आला होता, डॉक्टरांनी परवानगी दिली होती, आणि तरी जीपमध्ये बसल्यापासून मला उतरून घरी पळावंसं वाटत होतं. मी सारखा बडबडत होतो. तू समोर बसला होतास. मध्येच, कशाचा काही संबंध नसताना, तू म्हणालास, “आजपासून एक नियम करूया.” मी म्हटलं, बुवा म्हातारा झाला. वर गेल्यावर तू माझे पट्टे बघायला वाकलास. माझा गुडघा लटपटत होता आणि तुझा हात त्या गुडघ्यावर होता. तू उठलास, हात झटकलेस आणि म्हणालास, “नाही.”

मी वरवर चिडलो, पण आतून मला इतकं हायसं वाटलं होतं की खाली आल्यावर मी लागोपाठ तीन कप चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि उडालो. माझ्या भीतीचं मी तुझ्या वहिनीलाही कधी सांगितलं नाही. आणि मग ती तुझ्या नावावर टाकून मोकळा झालो.

मी मास्तरला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, भिंग. तू तो किस्सा सांगायचास तेव्हा बुवा हसायचा. म्हणून आम्हीही हसायचो.”

म्हणजे तो नियम वाऱ्यासाठी कधीच नव्हता. तो तू माझ्यासाठी केलास, आणि माझ्या मुलीला त्याची गरज पडली तेव्हा तो मीच मोडला. डॉक्टरीणबाई माळ्यावर ग्लायडर टाकून बसल्यात, मास्तर एकटा जायला तयार नाही. चौघांनी मिळून जे जपलं होतं ते मी एका ‘का’ ने संपवलं, आणि तेही अशा दिवशी, ज्या दिवशी काहीच वाईट घडलं नाही. कुणाचं हाड मोडलं असतं तर मला लवकर समजलं असतं.

हेल्मेट तू विसरला नव्हतास, हेही आता कळतंय. जो माणूस दुसऱ्यांच्या पिशव्या ओळीने लावून ठेवतो, तो स्वतःचं हेल्मेट विसरत नाही. ते मी पुसून वरच्या फळीवर ठेवलंय. आतला पट्टा उसवला होता, शिवून घेतला.

माझं चुकलं, बुवा. तेव्हाही आणि आताही.

भिंग


२ सप्टेंबर

बुवा,

लेकीला तुझ्या शहरात शिकायला जागा मिळालीय. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतलं काम शिकणार आहे. परवा निघतेय.

मी अर्थातच सगळं ठरवून टाकलं होतं. गाडी काढणार, सामान टाकणार, तिची खोली बघणार, घरमालकाशी बोलणार, दिवे नीट आहेत का ते बघणार. तसं सांगत होतो आणि ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. ती म्हणाली, “नाही, बाबा. मी एकटी जाते.”

वहिनी हातातली चादर तशीच धरून दारात थांबली. ‘का’ माझ्या ओठांवर आला होता, बुवा. खोटं कशाला बोलू, चांगला दातांपर्यंत आला होता. मी “बरं” म्हटलं आणि चहा टाकायला आत गेलो. लक्ष सगळं त्या ‘का’कडे, त्यात साखर दोनदा पडली. लेकीने तो गोडमिट्ट चहा सगळा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाली, “फार गोड झालाय.” वहिनी हसली. मीही हसलो.

आज ती आपण होऊन दुकानात आली. म्हणाली, “जायच्या आधी एकदा डोळे बघा.” मी तिला खुर्चीत बसवलं, काच बदलली, आणि विचारायचं ते नीट विचारलं. “हे बरं, की आधीचं?”

“आधीचं.”

“आता?”

“नाही.”

“आणि हे?”

“नाही. थांबा. पुन्हा दाखवा. नाही.”

इतके नाही मी आयुष्यात ऐकले नव्हते. बाहेर एक गृहस्थ बसले होते, घड्याळ बघत होते, शेवटी उठून गेले. मी जाऊ दिलं त्यांना. एका क्षणी ती म्हणाली, “हं, हे.” मी म्हटलं, “नक्की?” ती म्हणाली, “नक्की नसतं तर सांगितलं असतं.” मला पाणी आणायला आत जावं लागलं. डोळे पुसून बाहेर आलो तेव्हा ती कॅलेंडर काढून भिंतीवरचा तो चौकोन बघत होती, मग तिने ते पुन्हा लावून टाकलं.

हेल्मेट तिच्याजवळ देतोय आणि हे पत्रही. तुला भेटायला जायचं हे तिचं तिनेच ठरवलं. तू तिच्यावर रागावलेला नाहीस हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी सांगून उपयोग नाही, ते तू सांग.

मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन आलो. एका म्हशीची तपासणी संपेपर्यंत बाहेर उभा होतो. आत गेल्यावर म्हटलं, मी पुन्हा कुणाला ‘का’ विचारणार नाही. त्यांनी हात धुतले, पुसले. मग म्हणाल्या, “बुवा येणार असतील तर ग्लायडर माळ्यावरून काढते.” महिन्याच्या शेवटच्या रविवारी जायचं घाटतंय. उडायचंच असं नाही. वर जाऊन नुसतं उभं राहायचं, मग खाली येऊन चहा प्यायचा. जीपमध्ये तुझी समोरची जागा आहे.

येशील का? तुला फोन नको, पत्रही नको, काही नको. यायचं असेल तर हेल्मेट ठेवून घे. नसेल तर तिला ‘नाही’ एवढंच सांग. ती मला ते तसंच्या तसं सांगेल. आता तिला येतं.

तुझा,
भिंग